आर्म, थम्ब, रिस्क-फाइव्ह एकाच डिबगरवर: सात महिन्यांनंतर

जेटॅग प्रोब (चिपला जोडायचं डिबगिंगचं उपकरण) आणि जीडीबी हा डिबगर यांच्या मधे बसणारा आमचा डिबग सर्व्हर पूर्वी फक्त ३२ बिटी इन्स्ट्रक्शन ओळखायचा. सात महिन्यांपूर्वी मी त्यात थम्ब (आर्म प्रोसेसरचा आखूड, मुख्यतः १६ बिटी इन्स्ट्रक्शनचा संच) घातलं, पुढे रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या प्रोसेसर-घराण्याचं कॉम्प्रेस्ड एक्स्टेन्शन, म्हणजे तिथल्या १६ बिटी इन्स्ट्रक्शन. तेव्हापासून रोज तोच वापरतोय. स्टेपिंगवर (एकेक इन्स्ट्रक्शन चालवत जाण्यावर) आता भरवसा बसलाय. फ्लॅश मेमरीमधल्या कोडबाबत मात्र अजून कटकट आहे.

सुरुवातीला वाटलं होतं, काम काय ते डिसअसेम्ब्लरचं, म्हणजे बिटांवरून इन्स्ट्रक्शन वाचून दाखवणाऱ्या भागाचं. घोळ निघाला भलतीकडेच. या पत्त्यावर कोणत्या प्रकारचा कोड आहे, हा एक प्रश्न. कोअर, म्हणजे प्रोसेसर, आत्ता कोणत्या स्टेटमध्ये आहे, आर्म की थम्ब, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ईएलएफ या प्रोग्रॅम-फाइलच्या मॅपिंग सिम्बॉलमध्ये (कुठे कोणता कोड याच्या खुणांत), दुसऱ्याचं सीपीएसआर या स्टेटस रजिस्टरच्या ५ क्रमांकाच्या बिटात. मी शहाण्याने दोन्हींसाठी एकच व्हेरिएबल ठेवलं होतं. कोअर थम्बमध्ये थांबलेला असताना आर्म फंक्शनवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) लावला की सर्व्हर तिथे १६ बिटच बदलायचा. कोअर थांबायचा तर नाहीच, वर ती अर्धवट इन्स्ट्रक्शन चालवून टाकायचा.

सगळ्यात जास्त वेळ आर्म७टीडीएमआय या जुन्या आर्म कोअरने खाल्ला. त्यात बीकेपीटी ही ब्रेकपॉइंटची इन्स्ट्रक्शन नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंटसाठी वॉचपॉइंट युनिटला (कोअरमधल्या पहारेकरी हार्डवेअरला) कोडमध्ये पेरलेल्या ठरावीक बिट-पॅटर्नवर पाळत ठेवायला सांगावं लागतं. थम्बमध्ये तो १६ बिटी पॅटर्न व्हॅल्यू रजिस्टरच्या दोन्ही अर्ध्यांत भरायचा असतो. मग आर्मसाठीही दोन्ही अर्धे सारखे असलेला पॅटर्न निवडला आणि एका युनिटमध्ये दोन्ही भागलं. रजिस्टर वाचणंही सरळ नाही: कोअर थम्बमध्ये थांबला असेल तर आधी थम्ब इन्स्ट्रक्शन घुसवून आर०, पीसी ही रजिस्टरं जपून ठेवायची, मग बीएक्स या उडीच्या इन्स्ट्रक्शनने आर्ममध्ये यायचं. परत सोडताना पत्त्याचा शेवटचा बिट १ करायला मी विसरलो होतो. दोन दिवस गेले त्यात.

जीडीबीच्या ब्रेकपॉइंट पॅकेटमध्ये शेवटी एक आकडा येतो. आर्मसाठी २ म्हणजे १६ बिटी थम्ब, ४ म्हणजे आर्म आणि ३ म्हणजे ३२ बिटी थम्ब-२. मी तो बाइटांचा आकडा धरला. जपून ठेवले तीन बाइट, लिहिले चार, परत ठेवले तीन. ब्रेकपॉइंट काढल्यावरच प्रोग्रॅम बिघडतो, हे बघून मी आधी प्रोबच्या केबलवर संशय घेतला!

रिस्क-फाइव्ह त्या मानाने सोपं. स्टेट बदलायची भानगड नाही, खालचे दोन बिट ११ असले की इन्स्ट्रक्शन १६ बिटी नाही एवढं पक्कं. तरी तिथेही आधी सगळीकडे चार बाइटांचा ईब्रेक (तिथली ब्रेकपॉइंटची इन्स्ट्रक्शन), म्हणजे हेक्समध्ये ००१०००७३, टाकत होतो. तो दोन बाइटांच्या इन्स्ट्रक्शनवर बसला की शेजारचीही जायची, आणि लूपची उडी नेमकी तिथे पडली की ट्रॅप, म्हणजे कोअर चूक दाखवून अडायचा. आता मिसा या रजिस्टरमध्ये सी, म्हणजे कॉम्प्रेस्डचा बिट, दिसला की सरसकट दोन बाइटांचा ९००२. सी नसलेल्या चिपवर अर्थात जुनाच.

राहिलं फ्लॅशचं. तिथे कोड बदलता येत नाही आणि आर्म७टीडीएमआयमध्ये वॉचपॉइंट युनिट आहेत दोनच. एक पॅटर्नला दिलं की उरलेल्या एकावर हार्डवेअर ब्रेकपॉइंट आणि स्टेपिंग यांची ओढाताण. ब्रेकपॉइंट काढून, एक पाऊल टाकून, पुन्हा लावण्याचा खेळ सर्व्हर आता स्वतः करतो, पण मधल्या वेळात इंटरप्ट आला तर ब्रेकपॉइंट हुकतो. सध्या संशयित फंक्शन रॅममध्ये लिंक करून वेळ मारून नेतोय.