डेस्कटॉपसाठी चुंबकी धूळजाळी : उद्यमनगरातील अनुभव
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक भागात ग्राइंडिंगची लोखंडी पूड हवेत सतत असते, म्हणून आमच्या कार्यालयातील डेस्कटॉपच्या पुढच्या पंख्यांवर १२० मिलिमीटरच्या चुंबकी जाळ्या बसवल्या. पत्र्याच्या कॅबिनेटला त्या स्क्रूविना घट्ट बसतात, आणि जाळीभोवतीच्या काळ्या चुंबकी पट्टीच्या कडेला चिकटलेला लोखंडाचा कीस उभा राहिलेला स्पष्ट दिसतो. तोच मदरबोर्डवर पडला तर शॉर्टसर्किटचा धोका, त्यामुळे ही जाळी मला फार मोलाची वाटते. मात्र हवा आत घेणाऱ्या पंख्यांचा जोर बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा अधिक ठेवावा, अन्यथा फटींतून धूळ ओढली जातेच. जाळी तुंबली की तापमान वाढते. ती धुऊन, पूर्ण वाळवूनच परत लावावी. पट्टीवरचा कीस पाण्याने नीट निघत नाही, तो चिकटपट्टीने उचलावा लागतो.