एएम-४ की एएम-५? नवा गेमिंग पीसी जोडताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घ्यायला निघालात तर आधी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, ठरवा: एएमडीचं जुनं एएम-४ की नवं एएम-५. रॅम आणि मदरबोर्ड त्यावरच अवलंबून असतात.

घरात डीडीआर-४ रॅम पडून असेल तर एएम-४ वर रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि बी-५५० मदरबोर्ड अजूनही बरा सौदा आहे. जुना बी-४५० बोर्ड स्वस्त मिळतो, पण बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) जुनं असेल तर ५६०० लावल्यावर पडदा काळाच राहतो. दुकानातच अपडेट करून घ्या. इथे पिना प्रोसेसरला असतात. कूलर सरळ वर ओढला की दोघांमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर हलका पिळत काढा.

सगळंच नवं घ्यायचं असेल तर मात्र एएम-५. २०२२ मध्ये आलेल्या या सॉकेटला डीडीआर-५ च लागते. रायझन ५ ७६०० मध्ये साधं ग्राफिक्स आतच आहे, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड बिघडलं तरी पडदा दिसतो. ५६०० मध्ये ही सोय नाही. रॅमच्या दोनच पट्ट्या घ्या, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. चार लावल्या की वेग उतरतो. पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळा राहतो, कारण रॅमची जुळणी चालू असते. घाबरून बटण दाबू नका. पिना इथे बोर्डावर असतात, तेव्हा सॉकेटचं प्लास्टिक झाकण जपून ठेवा. वॉरंटीच्या वेळी मागतात.