ढाका ते बरिशाल: रात्रीची लाँच की पद्मा पुलावरची बस?

ढाक्याहून दक्षिण बांगलादेशातल्या बरिशालला जाताना पूर्वी हा प्रश्न कुणाला पडतच नसे. रस्त्याने निघालात तर पद्मेच्या काठी फेरीबोटीसाठी तासन्‌तास रांग. त्यापेक्षा रात्रीची लाँच, म्हणजे मोठी प्रवासी बोट, बरी. 25 जून 2022 ला 6.15 किलोमीटरच्या पद्मा पुलाचं उद्घाटन झालं आणि चित्र पालटलं. आता बस साधारण साडेतीन-चार तासांत बरिशाल गाठते. लाँच रात्री नऊच्या सुमारास सुटून पहाटे पोचते.

घड्याळ लावलं तर बस सरस. पण लाँचमधला वेळ झोपेत जातो, हॉटेलची एक रात्रही वाचते. बसमध्ये पुलापलीकडच्या भांगा गावापर्यंत एक्स्प्रेसवे आहे तोवर मजा. पुढे दुपदरी रस्ता आणि ओव्हरटेकचा सोस. तिथे कसली झोप लागणार!

पैशांचं सांगायचं तर डेकचं तिकीट बसपेक्षा स्वस्त, केबिनचं महाग. डेकवर जागेचा नंबर नसतो. लोखंडी डेकवर चादर अंथरली की तेवढी जागा तुमची, म्हणून मंडळी सुटायच्या कितीतरी आधी येऊन पथारी पसरतात. सोबत म्हातारी माणसं असतील तर केबिनच घ्या.

ढाक्यात लाँचा सुटतात त्या सदरघाटचा देखावा मात्र बसला देता येणार नाही. लाँचा नाक धक्क्याला लावून एकमेकींना खेटून उभ्या, आणि नवी आलेली शेजारणींना ढोसत मधे घुसते. हिवाळ्यात बुरीगंगेचं पाणी काळं असतं आणि वासही त्याला शोभेलसा. मेघनेच्या रुंद पात्रात शिरलं की हवा पालटते, तेव्हा कठड्याशी उभं राहावं. (चाकांनी पाणी रेटत चालणाऱ्या जुन्या ‘रॉकेट’ स्टीमरच्या आशेने जाऊ नका, तिच्या नेहमीच्या फेऱ्या पुलानंतर बंद पडल्या. साध्या लाँचाही रोडावल्यात, तेव्हा सुटणार का ते आधी विचारा.)

सुरक्षिततेचं बोलायचं तर, डिसेंबर 2021 मध्ये झालकाठीजवळ ‘अभियान-10’ लाँचला रात्री आग लागून अनेक जीव गेले. चढल्यावर लाइफ जॅकेट आणि बाहेर पडायची वाट बघून ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात लाँच नदीतच नांगर टाकून थांबते. तेव्हा बस घ्या. एप्रिल-मेमध्ये कालबैशाखीची वादळं येतात. नदीबंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा दोन नंबरचा सिग्नल लागला की 65 फूट किंवा त्याहून लहान बोटींनी आसरा घ्यायचा असतो. मोठी लाँच त्यातही सुटेल कदाचित, मी चढणार नाही. ईदच्या आधी मात्र दोन्हींचे हाल सारखेच.

पावसाळ्यात बरिशालकडच्या भीमरुलीचा तरंगता पेरूबाजार बघायचा असेल, तर माझं मत सरळ आहे: जाताना लाँच, येताना दिवसाची बस. खालची पद्मा उजेडात दिसते. आणि होड्यांमधला तो बाजार सकाळचा. ढाक्याहून सकाळची बस धरलीत, तर तुम्ही पोचेपर्यंत पेरू ट्रकमध्ये चढलेले असतील.