व्हिसाच्या अर्जात एजंटाने काय लिहिले, ते मुलाखतीच्या खिडकीपुढे कळले

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका व्हिसा सल्लागाराने आम्हा नवरा-बायकोकडून १,४६,५०० रुपये घेतले, आमच्या अमेरिकेच्या अर्जांत धडधडीत खोटी माहिती भरली आणि मुंबईत व्हिसा नाकारला गेल्यावर दुकानाला कुलूप लावून तो पसार झाला. तक्रार अजून चौकशीवर असल्याने त्याचे नाव इथे लिहीत नाही. माझी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेली आणि यजमान साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले, त्यामुळे चारचौघांत हे सांगायची लाज वाटते. पण सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर या पट्ट्यात मुले परदेशी असलेली शेकडो घरे आहेत आणि हा माणूस उद्या दुसऱ्या नावाने दुसरीकडे पाटी लावणार, म्हणून लिहिते आहे.

रकमा सांगते, म्हणजे असाच हिशेब कोणी तुमच्यापुढे मांडला तर ओळखता येईल. फाईल उघडण्याचे माणशी १२,५०० रुपये. व्हिसा शुल्क म्हणून माणशी २१,०००. मुलाखतीची तातडीची तारीख मिळवून देण्याचे माणशी २८,०००. ‘कागदपत्रांचा संच’ म्हणून १४,५०० आणि मुलाखतीच्या तयारीचे दोघांचे मिळून ९,०००. यातले खरे देणे फक्त व्हिसा शुल्काचे होते. पर्यटक व्हिसाचे शुल्क १७ जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे, म्हणजे आम्ही भरले तेव्हा माणशी साधारण १६,००० रुपये. अर्ज भरायला एक पैसाही लागत नाही. शुल्काची रक्कम कोणाच्याही क्यूआर कोडवर पाठवू नका, स्वतः अधिकृत संकेतस्थळावर भरा. आमचे तातडीच्या तारखेचे ५६,००० रुपये ज्या कोडवर गेले, त्यावर दुकानाचे नाव नव्हते, एका बाईचे नाव होते. “घरचंच खातं आहे काकू,” असे त्याने सांगितले.

मुलीने किंवा जावयाने अर्ज का भरला नाही, असे आता जो तो विचारतो. मुलगी टेक्ससमध्ये आहे आणि तिच्या बाळंतपणासाठीच आम्हाला जायचे होते. डॉक्टरांनी तिला पूर्ण विश्रांती सांगितली होती, जावई नोकरी आणि दवाखाना यांत अडकलेला होता, आणि अशा वेळी आमच्या अर्जाचे ओझे त्यांच्यावर टाकायचे नाही, असे आम्ही ठरवले. यात आमचे काय चुकले, ते अजूनही मला कोणी सांगू शकलेले नाही. शिवाय आमच्याच कॉलनीतल्या एका कुटुंबाचे काम याच माणसाने केले होते आणि ते लोक मुलाकडे राहून सुखरूप परतले होते. अर्जातले प्रश्न आणि उत्तरे इंग्रजीत असतात, मुंबईची तारीख कित्येक महिने मिळत नाही, हे सगळेच ऐकून असतात. या दोन गोष्टींच्या जोरावरच ही मंडळी दुकान चालवतात.

आता त्या दुपारबद्दल लिहिते, कारण तीच माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याच्या टेबलावर काच होती, काचेखाली व्हिसा मिळालेल्या गिऱ्हाइकांचे पासपोर्ट साइज फोटो ओळीने सरकवलेले होते आणि संगणकाचा पडदा पूर्णपणे त्याच्या बाजूला वळलेला होता. तो आम्हाला प्रश्न विचारत होता आणि टाइप करत होता. आम्ही खरी उत्तरे देत होतो: मी निवृत्त शिक्षिका, पेन्शन अमुक, मुलगी टेक्ससला, बाळंतपणासाठी जायचे आहे, पाच महिने राहायचे आहे. यजमानांनी पडदा जरा इकडे वळवायला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “काका, साईट टाइम आउट होते, सगळं परत भरावं लागेल.” हे अर्धे खरे आहे. वीस मिनिटे हात लावला नाही तर तो अर्ज खरोखरच बंद पडतो. पण पडदा वळवायला वीस मिनिटे लागत नाहीत.

मग तो म्हणाला, “काकू, शेवटचं राहिलंय, पासपोर्ट नंबर सांगा.” मी सांगितला. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात शेवटच्या पानावर पासपोर्ट क्रमांक टाकून बटण दाबणे म्हणजेच अर्जदाराची सही असते, वर लिहिलेले सर्व खरे आहे अशी शपथच असते ती. माझी सही माझ्यासमोर झाली आणि मला ती सही आहे हे सांगण्यात आले नाही. यजमानांनी आयुष्यभर व्हाउचर तपासली आहेत, ते सवयीने म्हणाले, “पूर्ण अर्जाची एक प्रत द्या.” त्यावर उत्तर मिळाले, “तिथं फक्त कन्फर्मेशन पेज लागतं काका, बाकीचं निघतच नाही.” आणि आमचा फोटो व बारकोड असलेले एकेक पान त्याने हातात ठेवले. मुलाखतीला ते पान न्यावे लागते हे खरे. मात्र संपूर्ण अर्ज छापण्याचे बटण त्याच ठिकाणी, कन्फर्मेशनच्या बटणाशेजारी असते, हे मला नंतर जावयाने दाखवले. तुमचा एजंट ते बटण दाबायला नकार देत असेल तर तिथून उठा, दिलेले पैसे गेले तरी उठा.

तयारीच्या नावाखाली ९,००० रुपये घेऊन त्याने जे शिकवले त्यातले एक वाक्य मला झोपू देत नाही: “मुलीचा विषय तुम्ही स्वतःहून काढू नका.” थोडक्यात उत्तरे द्यावीत असाच अर्थ आम्ही घेतला. कोणीही तोच घेतला असता. अधिकाऱ्यांपुढे पाल्हाळ लावू नये, हे तर आम्हीही मुलांना शिकवत आलो आहोत.

तारीख मात्र त्याने खरोखर लवकरची आणून दिली, म्हणून आमचा विश्वास आणखी बसला. या तारखा अनेकदा बॉट, म्हणजे आपोआप तारखा पकडणारे संगणकीय प्रोग्राम, वापरून मिळवतात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या भारतातील दूतावासाने अशा बॉटने घेतलेल्या मुलाखतीच्या सुमारे २,००० तारखा रद्द केल्याचे जाहीर केले होते. म्हणजे अशी विकत घेतलेली तारीख हातात असली तरी ती टिकेलच असे नाही. शिवाय आमच्या खात्याचा ईमेल, पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्नांची उत्तरे, सर्व त्याचीच. वकिलातीने काही कळवले असते तरी ते त्यालाच कळले असते. ईमेल तुमचाच द्या आणि पासवर्ड कोणाला देऊ नका.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. आदल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो झाले, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत. आत मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे ऐनवेळी कोणाला काही विचारण्याची सोय नाही. मुलाखत मराठीत देता येते, हेही एजंटाने सांगितले नव्हते. काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी दुभाष्यामार्फत विचारले, अमेरिकेत तुमचे कोण आहे? मी म्हणाले, माझी मुलगी. त्यांनी पडद्याकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, मग अर्जात तिथे जवळचे कोणी नाही असे का लिहिले? माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही काय करता? निवृत्त शिक्षिका आहे. अर्जात हळदीचा व्यापार आणि महिन्याचे उत्पन्न १,८०,००० रुपये लिहिले होते. सांगलीची हळद प्रसिद्ध म्हणून आम्हाला हळदीचे व्यापारी करून टाकले! किती दिवस राहणार? पाच महिने. अर्जात पंधरा दिवस आणि न्यूयॉर्कमधले हॉटेल. अर्ज भरायला कोणाची मदत घेतली का, असाही त्यात एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्याने ‘नाही’ असे दिले होते. मी एजंटाचे नाव सांगू लागले, पण तो अर्ज माझ्या सहीचा होता. १४,५०० रुपयांच्या कागदांची फाईल कोणी उघडूनही पाहिली नाही. पर्यटक व्हिसाला निमंत्रणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र सक्तीचे नसतेच. पासपोर्ट परत आले, सोबत अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब)खाली नकाराची चिठ्ठी. जन्मभर खरे बोलायला शिकवणारी बाई त्या खिडकीपुढे खोटारडी ठरली, हे मला पैशांपेक्षा जास्त लागले आहे.

या नकारावर अपील नसते, नवा अर्ज करता येतो, शुल्क मात्र पुन्हा भरावे लागते. आणि यापुढे प्रत्येक अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला आहे का’ या प्रश्नाला ‘होय’ हेच उत्तर द्यावे लागणार. अधिकाऱ्यांनी हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचा ठपका ठेवला असता तर अमेरिकेची दारे आम्हाला कायमची बंद होऊ शकली असती. त्या माणसाने आमच्या माथी किती मोठा धोका मारला होता, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

पावतीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘व्हिसा न झाल्यास पूर्ण रक्कम परत.’ आम्ही सांगलीला पोहोचलो तेव्हा दुकान बंद, फोन बंद. घरमालक म्हणाले, भाडेकरू सोडून गेला. अशी हमी कोणी देऊच शकत नाही, कारण निर्णय वकिलातीचा असतो. हमी देणाऱ्याला तिथेच ओळखावे.

यापुढचा अनुभव फसवणुकीइतकाच संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की तुम्ही राजीखुशीने पैसे दिले, व्हिसा देणे-न देणे अमेरिकेच्या हातात, हे प्रकरण दिवाणी आहे. अहो, अर्जात खोटे भरून, पैसे परत करण्याचे लेखी वचन देऊन, कुलूप लावून पळून जाणे दिवाणी कसे? भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८(४) मग कशासाठी आहे? रक्कम ऑनलाइन गेली म्हणून आम्हाला सायबर विभागात पाठवले. तिथे सांगितले की माणूस ओळखीचा, दुकान प्रत्यक्ष पाहिलेले, हा सायबर गुन्हा नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर दुकान दुसऱ्या हद्दीत येते म्हणाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी घरून लिहून नेले होते. ते वाचून समोरचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.” साध्या अर्जाची पोच मिळायलासुद्धा यजमानांना बाकावर ताटकळावे लागले, आणि तेवढ्या वेळात पाठीमागून आलेल्या ओळखीच्या लोकांची कामे होत राहिली.

बँकेने हात झटकले: पिन ग्राहकाने स्वतः टाकला आहे. दुकानाच्या परवान्याची चौकशी केली तर तो झेरॉक्स आणि ऑनलाइन सेवांचा निघाला. मग व्हिसाचे काम करायला परवाना कोण देतो? परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते, पण आई-वडिलांना मुलांकडे पाठवण्याचा धंदा करणारे त्या कायद्यात बसत नाहीत. म्हणजे कोणीही उठावे, काचेखाली फोटो मांडावेत आणि निवृत्तांची पुंजी लुटावी. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखवले आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच प्रश्न आला: एवढे शिकलेले तुम्ही, तुम्हाला कळले नाही? फसवणाऱ्याला हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

पैसे नुकतेच गेले असतील तर कोणाच्या दारात उभे राहण्यात वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणे अवघड होते. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवा. आम्ही तशीच पाठवली आणि त्यानंतर कुठे आमच्या अर्जाला चौकशी क्रमांक मिळाला. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार तयार करतो आहोत. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. आमच्याजवळ २५,००० रुपयांची रोख पावती, बाकीच्या व्यवहारांचे बँकेचे उतारे आणि पैसे परत करण्याचा हस्तलिखित मजकूर आहे, तो यजमानांच्या सवयीमुळे. रोख दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी मेसेज करून लेखी करून ठेवा.

मुलीच्या बाळंतपणाला तिची सासू गेली. नवा अर्ज आम्ही जावयाच्या मदतीने भरत आहोत, त्याची मदत घेतल्याचे त्यात लिहिणार आहोत, आणि मागच्या अर्जात कोणी काय भरले होते तेही विचारले तर सांगणार आहोत. चौकशी अधिकारी म्हणतात की आणखी तक्रारदार पुढे आले तर प्रकरणाला जोर येईल. सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या काचेच्या टेबलापुढे बसून ज्यांनी पैसे दिले आहेत, त्यांनी पावत्या शोधून स्वतंत्र लेखी तक्रार द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.