जमिनीतल्या ओलीचा जमाखर्च: एका हंगामाचा अनुभव

टोमॅटोच्या अख्ख्या हंगामात पाण्याची पाळी स्प्रेडशीटवरच्या ताळेबंदावरून ठरवली. मूळ पद्धत एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना) १९९८ सालच्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतली. जोडीला दोन टेन्शियोमीटर (टोकाला सच्छिद्र कप असलेली पाण्याची नळी; माती जितकी कोरडी, तितका काट्याचा आकडा मोठा), एक मुळांच्या मधोमध आणि दुसरा मुळांच्या तळाशी.

हिशेब एका ओळीचा: कालची तूट (जमीन पुन्हा भरायला कमी पडणारं पाणी), त्यात पिकाचा आजचा खप मिळवायचा, पाऊस आणि दिलेलं पाणी वजा करायचं. संदर्भ बाष्पोत्सर्जनाला (त्या हवामानात प्रमाण गवताचं कुरण दिवसाला जेवढं पाणी उडवतं ते) पीक गुणांकाने (त्या गवताच्या तुलनेत आपलं पीक किती पाणी घेतं तो आकडा) गुणलं की खप मिळतो. सगळं मिलिमीटरमध्ये, कारण १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. लिटरचा हिशेब तोंडी जमतो.

खरी मेख सुरुवातीच्या आकड्यात आहे. वाफशाची ओल (जादा पाणी निथळल्यावर मातीत उरते ती) आणि पीक कायमचं सुकतं तेव्हाची ओल, यांतला फरक हेच पिकाचं भांडवल. पोयट्याच्या जमिनीत मीटरभर खोलीला १५० मिमी धरले आणि मुळं ६० सेंमी असली, तर ९० मिमी. त्यातले टोमॅटो साधारण ४० टक्के, म्हणजे ३६ मिमी, ताण न बसता उचलतो. संदर्भ बाष्पोत्सर्जन ५ मिमी आणि गुणांक १.१५ असला की रोजचा खप पावणेसहा. सहा दिवसांनी पाळी.

रोपं लहान असताना मात्र गंमत होते. गुणांक ०.६, खप रोज ३ मिमी. मुळं जेमतेम २५ सेंमी, त्यामुळे हाताशी १५ मिमीच. म्हणजे पाळी पाच दिवसांनी! अंतर जवळपास तेच, मात्रा निम्म्याहून कमी. अंदाजाने पाणी सोडणारा इथे हमखास जास्त पाजतो. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीही हा खटाटोप वसूल होतो.

पावसाचा रकाना जपून भरा. तूट २० मिमी असताना ५० मिमी पाऊस पडला, तर ३० मिमी वाहून किंवा खाली पाझरून गेले. तूट शून्याखाली जाऊ देऊ नका, नाहीतर शीट आठवडाभर ‘पाणी भरपूर आहे’ म्हणत राहते आणि वर पीक माना टाकतं. खालचा टेन्शियोमीटर इथे कामी आला: पाणी दिल्यावर त्याचा काटाही शून्याकडे सरकला की समजायचं, मात्रा जास्त झाली.

टेन्शियोमीटरबद्दल तक्रारी आहेतच. ८० किलोपास्कलच्या आसपास नळीत हवा शिरते आणि काटा निरर्थक होतो. मग उकळून गार केलेल्या पाण्याने पुन्हा भरा. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत तर कपाची मातीवरची पकडच सुटते.

ठिबकवाल्यांनी भिजणाऱ्या पट्ट्याचाच साठा धरावा. तो लहान असल्यामुळे तूट रोज नाहीतर दिवसाआड भरून काढावी लागते. भूजल वर असलेल्या शेतात मात्र हा साधा ताळेबंद पुरत नाही. तिथे पाणी खालूनही चढतं आणि माझ्या शीटमध्ये त्याला रकानाच नाही.