लुकेच्या धान्य जातींच्या चाचण्या: बघायलाच हव्यात

फिनलंडच्या लुके या सरकारी संस्थेच्या जातींच्या चाचण्यांचे निकाल परत चाळले आणि खरंच सांगतो, बार्ली-ओट्सची जात निवडायला याहून भरवशाचं मला तरी काही सापडलं नाही. नुसतं उत्पन्न नाही, पीक किती दिवसांत तयार होतं, लोळतं का (म्हणजे उभं पीक आडवं पडतं का), चिकण मातीत कसं येतं, सगळं वेगवेगळं दिलंय. तिकडे सीझनच छोटा, पेरणीनंतर पाऊस ओढ देतो आणि कापणीला नेमका भिजवतो, त्यात २०१८ सारखा दुष्काळ पडला की लवकर येणाऱ्या जातीला सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर भुलू नका, अनेक वर्षांचे बघा. उत्पन्न सारखं दिसलं तर मी कमी लोळणारी जात धरतो.