वेल्श भविष्यकाळाचा प्राथमिक ऑनलाइन पाठ : एक परीक्षण

नवशिक्यांसाठीच्या या सशुल्क पाठाची सुरुवात 'बद्दा ई' म्हणजे 'मी असेन' या रूपाने होते, आणि ही निवड मला योग्य वाटली. वेल्शमध्ये क्रियापद वाक्याच्या आरंभी येत असल्यामुळे 'बद्दा ई'न मिन्द' हे शब्दशः 'असेन मी जात' असे होते. एवढी रचना बसली की बरेचसे भविष्य बोलता येते. 'होय'साठी एकच ठरावीक शब्द नसल्याने 'वद्दी दी अनो?' (तू तिथे असशील का?) याला 'बद्दा' म्हणजे 'असेन' असेच उत्तर द्यावे लागते, हेही पाठात नेटके समजावले आहे. (आपणही 'येशील का?' याला 'येईन' म्हणतोच की!)

मात्र आद्य व्यंजनातील बदल फारच घाईने उरकला आहे. प्रश्नात आणि नकारात 'ब'चा 'व' होतो, तर 'व्ना ई' (मी करेन) नंतर 'ताली' (पैसे देणे) हे 'दाली' होते. ही कल्पना नसल्यामुळे मी 'दाली' हा शब्द कोशात 'द'खाली बराच वेळ शोधत बसलो. शिवाय ध्वनिफिती केवळ दक्षिण वेल्सच्या उच्चारातल्या आहेत. उत्तरेकडचे बोलणे कानावर पडतच नाही.